नातू पिवळ्या टीशर्टात नाचला

प्रश्न: ताई, मुलगा मेलबर्नला असतो. १९ नोव्हेंबर २०२३ ची वर्ल्डकप फायनल, आम्ही यावलला, ते तिकडे व्हिडिओ कॉलवर, ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने आपल्याविरुद्ध १३७ मारले आणि नऊ वर्षांचा नातू पिवळ्या टीशर्टात नाचायला लागला, ह्यांनी फोनच ठेवून दिला. अजून मनातून जात नाही त्यांच्या. काय करू?

उत्तर: काकू, तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली, तरी पोरगं आजोबांसोबत मॅच बघायला जागं होतं, हे आधी काकांना सांगा. शाळा तिथली, मित्र तिथले, मग टीमपण तिथलीच होणार ना! मला तर यात काहीच वावगं वाटत नाही. त्याला तिकडच्या ‘फुटी’बद्दल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलबद्दल विचारा, अंड्यासारखा लांबट बॉल, एका बाजूला १८ खेळाडू, मधल्या दोन खांबांतून किक गेली की ६ पॉइंट, बाजूने गेली तर १, तो तासभर समजावत बसेल बघा. आणि २६ डिसेंबरला मेलबर्नची टेस्ट आपल्याकडे पहाटे ५ ला लागते, मॅच कोणाचीही असो, काकांना शाल देऊन फोनसमोर बसवा, भरताच्या वांग्यांचे दिवस असतात, दुपारी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजाल तेही त्याला दाखवा.