पहिल्या गोळीआधीचा नमुना

प्रिय मुली,

तुझा आराखडा वाचला. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांमधल्या हेपॅटायटिस बी विषाणूचे जनुकप्रकार शोधायचे, तेही यवतमाळकडच्या गावांतून. काम चांगलं आहे. पण नमुने एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या, जुन्या पेशंटांचे घेणार, हे वाचून अडखळलो. त्यांच्या रोजच्या गोळीत टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर असतं. पहिली दोन बी विषाणूलाही दाबून ठेवतात. रक्तात विषाणूचा डीएनएच उरला नाही तर तो शोधणाऱ्या पीसीआर चाचणीला काय सापडणार? एचबीएसएजी (बी विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) पॉझिटिव्ह आणि जेलवर डीएनएचा पट्टा नाही, असं होईल. म्हणून नवं निदान झालेल्यांचं रक्त पहिली गोळी पोटात जाण्याआधी घे. मात्र तुझ्या नमुन्यासाठी कुणाचे उपचार एक दिवसही लांबवायचे नाहीत.

प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना द्रव भाग, त्याच दिवशी वेगळा कर, थोडा थोडा करून दोन ठिकाणी ठेव. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो अन् लाइट जाते. माझे एका सुट्टीत सगळे नमुने गेले. फ्रीजरकडे बघायला माणूस ठेवला नव्हता, चूक माझीच.

निकालाचं म्हणशील तर भारतात डी आणि ए हे जनुकप्रकार जास्त, पूर्वेकडे सी सुद्धा. विषाणूच्या जीनोममध्ये, म्हणजे पूर्ण जनुकीय मजकुरात, साधारण 8 टक्क्यांहून अधिक फरक असला की प्रकार वेगळा धरतात. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनला ए प्रकार डीपेक्षा बरा दबतो. पण टेनोफोविर सगळ्यांवर चालतं, त्यामुळे अक्षर कोणतंही आलं तरी गोळी तीच. कुणी विचारलंच, 'बाई, माहा रिपोर्ट काय म्हन्ते?', तर आधी हेच सांग.

खरी भीती वेगळीच आहे. दिवाळीनंतर माणसं कापूस वेचायला परगावी जातात, गोळ्या संपतात. टेनोफोविर अचानक सुटलं की दबलेला विषाणू उसळतो, यकृत सुजतं. मग गळ्यात काविळीची माळ येते, दवाखाना राहूनच जातो. किडनीला त्रास म्हणून टेनोफोविर बदलतानाही बी कडे दुर्लक्ष झालं तर हाच धोका.

पेशंटच्या घरी जाताना पांढरा कोट घालू नकोस. गाडी कुणाच्या दारी थांबली, हे संध्याकाळपर्यंत पारावर कळतं.

फॉर्मवर एक रकाना वाढव: वेचणीला कुठे जाणार, किती दिवस. एचबीएसएजीचा निकाल पेशंटच्या कार्डावर लाल पेनाने लिहून घे. सुधारलेला आराखडा पोळ्यानंतर पाठव, तोवर मी शेतावर आहे.

तुझा,
सर