नव्या गोळीने पुरळ उठलं: कोणती थांबवायची, कोणती नाही?

प्रश्न: माझ्या यजमानांना (वय ५८) हृदयविकाराचा झटका आला म्हणून स्टेंट बसवला. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन अशा पाच गोळ्या सुरू झाल्या. सातव्या दिवशी छाती-पाठीवर बारीक लाल पुरळ आलं, खाज आहे, ताप नाही. घरचे म्हणतात, दोन दिवस सगळंच बंद करून बघू. करावं का?

उत्तर: नाही. खाजेपेक्षा हा उपाय महाग पडेल. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर चढेपर्यंत रक्ताला गुठळी धरायला ती आयती जागा असते, आणि सर्वांत मोठा धोका पहिल्या महिन्यातच असतो. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल तेवढ्यासाठीच दिलेल्या असतात. मेटोप्रोलॉल एकदम सोडली तर नाडी आणि रक्तदाब उसळून छातीत पुन्हा दुखू शकतं. शिवाय पाचही गोळ्या एकाच वेळी थांबवून पुरळ गेलंच, तरी दोषी कोणती ते कळत नाही.

पण 'सोसत राहा' असंही आम्ही म्हणत नाही. स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करा. त्याआधी एका कागदावर प्रत्येक औषध कोणत्या तारखेला, किती वाजता सुरू झालं आणि पहिला डाग कधी, कुठे दिसला ते लिहून काढा. मधे घेतलेली वेदनाशामकं आणि अँटिबायोटिक्सही त्यात हवीत. अँजिओग्राफीच्या रंगद्रव्यानेही पुरळ येतं, मात्र ते बहुधा पहिल्या तीन दिवसांत. सातवा दिवस म्हटल्यावर संशयाची सुई आधी क्लोपिडोग्रेलकडे वळते. तिचं पुरळ साधं असेल तर बरेचदा गोळी चालूच ठेवून अ‍ॅलर्जीविरोधी गोळी आणि स्टेरॉइडचा छोटा कोर्स देतात. नाही जमलं तर बदली गोळी. प्रासुग्रेल क्लोपिडोग्रेलच्याच कुळातली असल्याने काही जणांना तिचंही पुरळ येतं. टिकाग्रेलॉरची रचना वेगळी आहे, पण तिने काहींना धाप लागल्यासारखं वाटतं. ती अ‍ॅलर्जी नसते. हा बदल डॉक्टरांनी करायचा, कारण जुनी गोळी थांबणं आणि नवी सुरू होणं यांत फट राहता कामा नये.

तोवर खाजेसाठी सेटिरिझिन १० मिलिग्रॅम रात्री एकदा चालते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा निम्मी, आणि तीही विचारून. अंघोळीला कोमट पाणी, वरून कॅलामाइन. सर्दीच्या मिश्र गोळ्या मात्र नकोत. त्यांत बहुधा फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं आणि ते रक्तदाब चढवतं. डागावर काचेचा पेला दाबून बघा. लाली विरली नाही तर त्वचेखाली रक्त उतरलेलं असू शकतं, ते लगेच कळवा. तोंडात फोड, डोळे लाल, खाजेऐवजी कातडी दुखणं, पाण्याचे फोड, ताप किंवा चेहरा सुजणं, यांतलं एकही दिसलं तर फोनवर थांबू नका. थेट रुग्णालय गाठा आणि गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या.

प्रश्न: आई सात महिने रॅमिप्रिल घेते आहे. काल सकाळी तिचे ओठ सुजले. खाज नाही, गांधी नाहीत. सेटिरिझिन दिली, फरक नाही, संध्याकाळी सूज आपोआप उतरली. सात महिन्यांनी अ‍ॅलर्जी येते का?

उत्तर: इथे सल्ला वरच्या उलट आहे. ती गोळी आता देऊच नका. आधी थांबवा, मग आजच डॉक्टरांना कळवा. बाकीच्या गोळ्या चालू ठेवा.

ही नेहमीची अ‍ॅलर्जी नाही, म्हणून सेटिरिझिन लागू पडली नाही. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल अशी 'प्रिल'ने संपणारी औषधं जे एन्झाइम अडवतात, तेच शरीरातल्या ब्रॅडिकायनिनचंही विघटन करत असतं. ब्रॅडिकायनिन साठलं की बारीक रक्तवाहिन्या झिरपतात आणि ओठ, जीभ, गळा फुगतो. हे पहिल्या आठवड्यात होतं, तसं काही वर्षांनीही. आपोआप उतरलं म्हणून निर्धास्त होणं हीच इथली नेहमीची चूक. पुढची सूज जिभेवर किंवा स्वरयंत्रावर येऊ शकते. आवाज बदलला, लाळ गिळता येईना किंवा जीभ जड झाली तर तत्काळ रुग्णवाहिका बोलवा. गोळी थांबवल्यावरही काही आठवडे सूज पुन्हा येऊ शकते.

या गटातली दुसरी गोळी कधीच चालणार नाही. सॅक्युबिट्रिल असलेलं हृदयाचं औषधही नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन ही बहुतेकांना सोसतात, पण पहिले काही दिवस लक्ष ठेवून. (प्रिलवाल्या गोळ्यांनी येणारा कोरडा खोकला हा वेगळा त्रास आहे. तो जिवावर बेतत नाही आणि गोळी बदलल्यावर साधारण महिन्याभरात जातो.)

प्रश्न: सासऱ्यांना अ‍ॅस्पिरिनच्या पहिल्या गोळीनंतर वीस मिनिटांत अंगभर पित्त उठलं, दम लागला, चक्कर आली. तातडीच्या विभागात अ‍ॅड्रेनालिन दिलं. हृदयरोग्याला ते धोक्याचं नाही का?

उत्तर: दिलं ते योग्यच केलं. 'पित्त उठणं' म्हणतात खरं, पण पित्ताशी त्याचा संबंध नाही. हा अ‍ॅनाफिलॅक्सिस होता, म्हणजे सगळ्या शरीरावर एकदम उसळणारी जिवघेणी अ‍ॅलर्जी, आणि त्यावर पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिनच. हृदयविकार आहे म्हणून ते टाळायचं नसतं, कारण घसरलेला रक्तदाब हृदयाला जास्त घातक ठरतो. प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या स्नायूत देतात. उतार पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. सेटिरिझिनला असर करायला वेळ लागतो. तिने खाज कमी होते, श्वासनलिका उघडत नाही.

हृदयरोग्याच्या घरी दोन गोष्टी हटकून चुकतात. छातीत आवळलं म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवली जाते आणि आधीच पडलेला रक्तदाब आणखी पडतो. ती देऊ नका, ईसीजी रुग्णालयात निघू द्या. दुसरी चूक, रुग्णाला उठवून गाडीपर्यंत चालवत नेणं. त्यांना आडवं ठेवा, पाय उंच करा. दम लागत असेल तर बसतं ठेवा, पण उभं करू नका. ते मेटोप्रोलॉल किंवा तशी गोळी घेत असतील तर ते डॉक्टरांना आल्याआल्या सांगा. त्या गोळ्यांमुळे अ‍ॅड्रेनालिनचा असर कमी होतो आणि शिरेतून ग्लुकागॉन द्यावं लागू शकतं. बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नका. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

अ‍ॅस्पिरिन टाळताच येत नसेल तर रुग्णालयात अगदी थोड्या मात्रेपासून चढवत नेऊन ती सोसवता येते. त्यानंतर मात्र रोज घ्यावीच लागते. दोनतीन दिवस खंड पडला की ही सवय ओसरू लागते आणि मग घरी परस्पर पुन्हा सुरू करणं धोक्याचं.

प्रश्न: रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिन गोळीने घोटे सुजतात. अ‍ॅलर्जी?

उत्तर: बहुधा नाही. मात्रा ५ मिलिग्रॅमची १० झाल्यावर ही सूज वाढते, संध्याकाळी जास्त असते, रात्री झोपून कमी होते. डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करता येते. एकाच पायाला सूज आली किंवा सोबत धाप लागत असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न: अ‍ॅलर्जीची नोंद कागदावर कशी ठेवावी?

उत्तर: नुसतं 'गोळीची अ‍ॅलर्जी' लिहून काही उपयोग नाही. पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव, मात्रा, किती डोसांनंतर, किती वेळाने, नेमकं काय झालं, कशाने उतरलं आणि तारीख, एवढं लिहा. पुरळाचा फोटो उजेडात काढून जपून ठेवा, डॉक्टरांकडे पोचेपर्यंत ते बरेचदा गेलेलं असतं. नुसती डोकेदुखी, मळमळ किंवा खोकला 'अ‍ॅलर्जी' म्हणून नोंदवू नका. एकदा तो शिक्का बसला की पुढच्या अडचणीत कामाची औषधं विनाकारण बाद होतात.