विंडोज ७ वर न उघडणारा प्रोग्राम

देवगडच्या आंबा सोसायटीसाठी आपण सी++ मध्ये लिहिलेला बिलांचा प्रोग्राम आपल्याकडे विंडोज १० वर चालतो, पण सोसायटीच्या विंडोज ७ वर ‘प्रोसिजर एन्ट्री पॉइंट’ (म्हणजे प्रोग्रामला हवे असलेले फंक्शन) सापडत नसल्याचा संदेश येऊन बंद पडतो, हे वाचून मला एका वर्षीचा माझा एप्रिल महिना आठवला. राजापूरच्या एका व्यापाऱ्याकडे, ऐन पेट्या मुंबईला रवाना होण्याच्या दिवसांत, माझा प्रोग्राम असाच अडला होता.

प्रोग्राम कोणत्या विंडोजसाठी आहे हे सांगणाऱ्या ‘_विन३२_विनएनटी’ या मॅक्रोची किंमत ०x०६०१, म्हणजे विंडोज ७, ठेवावी, हे आपणास ठाऊक असेलच. मी ती ठेवली होती, पण एकाच फाइलमध्ये आणि तीही विंडोजचे हेडर (फंक्शनांच्या घोषणांची फाइल) जोडल्यानंतर. तोपर्यंत हेडरने आपल्या परीने नवीनतम आवृत्ती गृहीत धरलेली असते. ही व्याख्या संपूर्ण प्रोजेक्टच्या सेटिंगमध्येच द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

मात्र खरी चूक पुढे झाली. हा मॅक्रो केवळ हेडरमधील घोषणा झाकतो. दुसऱ्याने आधीच कंपाइल करून दिलेल्या डीएलएलवर, म्हणजे प्रोग्रामला जोडल्या जाणाऱ्या तयार फंक्शनांच्या फाइलवर, त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. माझ्या डेटाबेस लायब्ररीची तयार डीएलएल ‘गेटसिस्टिमटाइमप्रिसाइजअ‍ॅझफाइलटाइम’ हे विंडोज ८ पासून आलेले फंक्शन मागत होती. संदेशात नाव कर्नेल३२ या विंडोजच्या स्वतःच्या डीएलएलचे असल्यामुळे मी विंडोजलाच दोष देत राहिलो आणि दर वेळी सेटिंग बदलून एसटीने राजापूर गाठत राहिलो. लायब्ररी पुरवणाऱ्यांच्या मदत कार्यालयाला मी तीनदा पत्र लिहिले. तिन्ही वेळा ‘ग्राहकाला नवा संगणक घ्यायला सांगा’ एवढेच उत्तर आले. नव्या संगणकाचे पैसे हंगाम संपल्यावर हाती येतात, हे त्यांना कोण सांगणार! फाइल कोणकोणती फंक्शने मागते हे दाखवणारा व्हिज्युअल स्टुडिओतील ‘डम्पबिन’ /इम्पोर्ट्स पर्यायासह त्या डीएलएलवर चालवला असता, तर घरबसल्या पाच मिनिटांत उलगडा झाला असता. शेवटी त्याच लायब्ररीची जुनी आवृत्ती जोडल्यावर प्रोग्राम उघडला.

माझा अनुभव व्हिज्युअल स्टुडिओपुरताच आहे. आपले कारण वेगळेही असू शकेल. इंटरनेटवरून कर्नेल३२ची फाइल उतरवून बदलण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो कृपया मानू नये. शिवाय विंडोज ७ चे विस्तारित समर्थन १४ जानेवारी २०२० रोजी संपले असल्याने तो संगणक इंटरनेटपासून दूर ठेवलेला बरा. प्रोग्रामच्या फोल्डरमधील प्रत्येक डीएलएल, आणि मूळ एक्झीसुद्धा, ‘डम्पबिन’खालून काढावी, त्यातून काय निघते ते येथे कळवल्यास पुढचे पाहता येईल.