पावसाळ्यात घरी मोड आणलेले मूग चिकट होतात, आंबूस वास येतो. मोड आणायचं भांडं घ्यावं का?

भांडं घेऊ नका, निदान आत्ताच नको. तुम्ही लिहिलंय की मूग रात्री भिजवता, सकाळी फडक्यात बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवता आणि फडकं सुकू नये म्हणून दिवसातून दोनतीनदा वरून पाणी शिंपडता. उन्हाळ्यात हे खपून जातं. जुलैत फडकं मुळात सुकतच नाही, मग वरचं पाणी जाणार कुठे?

मी पोळीभाजीचे डबे करते, त्यामुळे मूग-मटकी माझ्याकडे कायम भिजत असते. माझ्या मते मोड आणण्यात सगळ्यात महत्त्वाचं काम निथळण्याचं. भिजलेला दाणा जिवंत असतो, त्याला हवा लागते. भोवती पाणी साचलं की हवा पोचत नाही, दाणा गुदमरतो आणि जंतूंचं फावतं. तुमचा चिकटपणा आणि वास तिथूनच येतो.

मूग किंवा मटकी निवडून तीनचार पाण्यांनी चोळून धुवा. टिकण्यासाठी एरंडेल किंवा बोरिक पावडर लावलेली असेल तर कोमट पाण्याने आणखी चोळा. भरपूर पाण्यात सहा ते आठ तास भिजवा, जास्त नको. भिजताना आधी सालीला सुरकुत्या पडतात, मग दाणा टम्म फुगतो. नखाने एक दाणा चिरून बघा, आत कोरडा पांढरा ठिपका दिसला नाही की झालं. काही दाणे खड्यासारखे तसेच राहतात, ते गणंग. त्यांचं साल पाणी आत घेत नाही. ते वेचून टाका, नाहीतर उसळीत दाताखाली येतात.

भिजवलेलं पाणी ओतून द्या, दाणे पुन्हा धुवा आणि रोळीत किंवा चाळणीत अर्धा तास तसेच ठेवा. मधे एकदा चाळणी तिरकी करून हलवा, तळाशी अडकलेलं पाणी सुटतं. मग घट्ट पिळलेल्या पंचात सैल बांधा. गाठोडं पुन्हा चाळणीतच ठेवा, खाली रिकामं पातेलं. पावसाळ्यात वरून शिंपडायचं नाही. त्याऐवजी सकाळ-संध्याकाळ दाणे बाहेर काढून धुवायचे, परत नीट निथळायचे आणि फडकं बदलायचं.

गाठोड्याच्या मधोमध बोट घालून बघा, उबदार लागेल. दाणे श्वास घेतात त्याची ती ऊब. म्हणून एका गाठोड्यात पाव किलोपेक्षा जास्त बांधू नका, मोठ्या ढिगात मधले दाणे तापून खराब होतात. थंडीत हीच ऊब कमी पडते, तेव्हा गाठोडं ओट्याच्या उबदार कोपऱ्यात सरकवायचं. मटकीला पावसाळ्यातही साधारण एका दिवसात छान मोड येतात. हरभरा सावकाश चालतो. कडवे वाल रात्रभर भिजवून दिवसभर बांधले की पुरे, मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे. ते काम वेळखाऊ आहे, पण डाळिंब्यांची उसळ खाल्ली की तक्रार राहत नाही.

तरीही मोड येत नसतील तर धान्य जुनं आहे, दुकान बदला. आणि बी-बियाण्यांच्या दुकानातलं पेरणीचं बियाणं कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, बऱ्याचदा गुलाबी रंगही असतो.

मेथी-मोहरीच्या मुळांवर पांढरी लव दिसली की लोक बुरशी समजून फेकून देतात. मुळाभोवती सारखी पसरलेली आणि धुतल्यावर चपटी बसणारी लव ही मुळांचीच असते. जाळं दाण्यादाण्यांवर पसरलं असेल आणि कुबट वास येत असेल तर मात्र सगळं टाकून द्या. ताज्या मोडांना कच्च्या मटारसारखा वास येतो.

अळीव फडक्यात बांधू नका, भिजल्यावर त्याचा गिळगिळीत गोळा होतो. ओल्या कापडावर पातळ पसरा.

शेवटी तुम्ही विचारलंय की मोड कच्चे खाल्लेले चांगले ना? मी शिजवूनच देते. दाण्याला मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंना लागते, आणि ते बऱ्याचदा बियांवरच असतात. २०११ साली जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, ५० हून जास्त माणसं गेली. तपास मेथीच्या मोडांपर्यंत पोचला. घरी कितीही स्वच्छ हाताळलं तरी बियांवरचे जंतू धुऊन सगळे जात नाहीत. गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं यांना कच्चे मोड देऊच नका. कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोड आल्यावर तयार होतं आणि शिजवताना त्यातलं काही जातं, हे खरं. उसळीवर लिंबू पिळा.

राजम्याला मोड आले तरी तो कच्चा किंवा अर्धाकच्चा चालत नाही, त्यात विषारी लेक्टिन असतं. खळखळून उकळून पूर्ण शिजवा. उरलेले मोड ओलसर तसेच फ्रिजमध्ये टाकू नका. नीट निथळून, डब्यात खाली कोरडं कापड घालून ठेवा आणि दोनतीन दिवसांत संपवा.