जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवताना लागणारी मधली प्लेट सांगलीत बनवून मिळेल का?

वडिलांच्या वेळच्या पेट्रोल सीजे-३बी जीपला बोलेरोचे २५२३ सीसीचे डिझेल इंजिन बसवायचे असून, गिअरबॉक्स जुनाच ठेवून त्याला इंजिनशी जोडणारी मधली अ‍ॅडॅप्टर प्लेट व इंजिनची फाउंडेशने (चॅसीवर इंजिन टेकवणारे ब्रॅकेट) सांगलीतच बनवून मिळतील का, असे आपण विचारले आहे. मिळतील, मी माझ्या जीपचे असेच काम कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवर करून घेतले आहे. मात्र प्लेट कापून देणारे पुष्कळ भेटतात, तिचा मध्य साधून देणारा शोधावा लागतो.

माझी पहिली प्लेट वाया गेली, आणि त्यात चूक माझीच होती. इंजिनच्या मागच्या तोंडाला ग्रीस लावून पुठ्ठ्यावर ठसा घेतला, बेल हाउसिंगचाही (गिअरबॉक्सच्या पुढचे, क्लच झाकणारे कवच) तसाच घेतला, दोन्ही ठसे एकावर एक ठेवले आणि त्या खुणांवरून २० मिमी जाडीच्या लोखंडी प्लेटला भोके पाडून घेतली. डोळ्याला सुताचाही फरक दिसत नव्हता. दीड महिन्यात क्लच पूर्ण सुटेनासा झाला, पहिला गिअर टाकताना दात कुरकुरू लागले, आणि गिअरबॉक्स उतरवला तेव्हा पायलट बुश आतून घासून सैल झालेला होता. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे टोक क्रँकमधल्या या बुशात टेकते आणि मागची बाजू गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये असते. दोन्ही मध्य एका रेषेत नसतील, तर तो शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला वाकवला जातो.

दुसऱ्या वेळी टर्नरने बेल हाउसिंग प्लेटसह इंजिनवर चढवले, डायल गेजचे (सूक्ष्म फरक मोजणाऱ्या मापकाचे) चुंबक फ्लायव्हीलवर बसवले, सुई बेल हाउसिंगच्या मागच्या बोअरच्या आतल्या कडेला टेकवली आणि क्रँक हाताने फिरवत चारही बाजूंची मापे खडूने लिहिली. जुन्या प्लेटवर समोरासमोरच्या मापांत ०.६० मिमी फरक आला, म्हणजे मध्य त्याच्या निम्म्याने, ०.३० मिमीने सरकलेला होता. नव्या प्लेटवर बेल हाउसिंगची भोके त्याने किंचित सैल ठेवली, बोल्ट अर्धवट आवळून लाकडी हातोडीने हलके ठोके देत तो फरक ०.१० मिमीच्या आत आणला, मग बोल्ट पक्के करून प्लेट व बेल हाउसिंग एकत्रच भोक पाडून, रीमर मारून डॉवेल पिना बसवल्या. बोल्ट फक्त आवळून धरतो. जागा पक्की करते ती डॉवेल.

प्लेटच्या जाडीइतका शाफ्ट मागे जातो, म्हणून त्याचे टोक बुशात किती शिरते ते आधी मोजावे आणि कमी पडत असेल तर फॉस्फर ब्राँझचा पायऱ्यांचा लांब बुश कातून घ्यावा. फ्लायव्हील व स्टार्टर नव्या इंजिनचेच ठेवावेत. क्लच प्लेट मात्र व्यास इंजिनचा आणि मधला हब गिअरबॉक्सचा अशी जोडून घ्यावी लागते.

फाउंडेशनचे ब्रॅकेट इंजिनचे पूर्ण वजन रबरांवर आल्यावरच जागेवर टॅक करावेत (ठिपक्यांपुरते वेल्ड करावेत) आणि पक्के वेल्डिंग इंजिन काढून करावे. त्याआधी चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळाला मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती थापून पुढचा अ‍ॅक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत (वर जाणारा अ‍ॅक्सल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) उचलावा. मातीवर अ‍ॅक्सलचा ठसा उमटला, तर दंडोबाच्या डोंगरावर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात चेंबर फुटलेच म्हणून समजावे.

डिझेलला परतीची नळी लागते, म्हणजे टाकीला एक निपल जोडावे लागते. पेट्रोलची टाकी कितीही धुतली तरी आत वाफ राहते, तेव्हा हे काम घरी न करता टाकी पाण्याने भरून जोडणाऱ्या रेडिएटरवाल्याकडेच द्यावे.

वेगाची अपेक्षा बेताची ठेवावी. अ‍ॅक्सलचे गुणोत्तर मूळ ५.३८ चेच असेल, तर ६.००-१६ टायरवर टॉप गिअरमध्ये ३००० आरपीएमला ताशी सुमारे ७५ किमीच मिळतात, आणि डिझेल इंजिन त्यापुढे फार ताणू नये. चढावर हेच गुणोत्तर सोयीचे पडते.

आरसी पुस्तकात इंजिन क्रमांक व इंधन दोन्ही नोंदलेले असतात, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ अशा बदलांनाच लागू होते. त्यामुळे इंजिन विकत घेण्यापूर्वी आरटीओत जाऊन परवानगीविषयी विचारावे आणि इंजिनची पावती क्रमांकासह घ्यावी. हे जमले की लेथवाल्याकडे कागदावरची मापे नेऊ नयेत. इंजिन, बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्स तिन्ही टेम्पोत घालून न्यावेत.