हेडफोन घेताय? आधी कुठे बसून ऐकणार ते सांगा

मागच्या महिन्यात हेडफोन आणि आवाजाच्या सामानाबद्दल काही अडलं असेल तर विचारा म्हणून लिहिलं होतं, आणि भरपूर प्रश्न आले. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न एकच, ‘तीन हजाराच्या आत बेस्ट कुठला?’ आता याला उत्तर काय देणार, कारण लोकलमध्ये उभं राहून ऐकणाऱ्याला जे लागतं आणि रात्री घरी दिवा मालवून गाणं ऐकणाऱ्याला जे लागतं ते एवढ्या पैशात एकाच वस्तूत बसत नाही. दोन्ही बसवायला गेलं की दोन्ही अर्धवट मिळतं. म्हणून ज्यांनी कुठे ऐकतो, किती वेळ ऐकतो, काय ऐकतो हे लिहिलंय त्यांचे प्रश्न आधी घेतलेत.

प्रश्न : रोज नालासोपारा ते अंधेरी लोकलने जातो, जाऊन-येऊन दोन तास कानात गाणी असतात. बजेट ३००० रुपये. एएनसीवाले (बाहेरचा गोंगाट कमी करणारे) इअरबड्स घ्यावेत असं मनात आहे पण मित्र म्हणतो वायरचेच घे, आवाज भारी असतो. काय करू?

मित्राचं म्हणणं खरं आहे पण ते तुमच्या कामाचं नाही. खरं कसं ते सांगतो. ३००० च्या इअरबड्समध्ये दोन कानांच्या दोन बॅटऱ्या, डबीची तिसरी, दोन्हीकडे ब्लूटूथची चिप, तीन-चार माइक आणि वर ती डबी, एवढं सगळं त्याच पैशात बसवायचं असतं, त्यामुळे आवाज जिथून निघतो त्या ड्रायव्हरच्या वाट्याला फार थोडे पैसे येतात. वायरच्या इअरफोनला यातलं काहीच नको, म्हणून दीड हजाराचा वायरचा इअरफोन नुसत्या आवाजात कितीतरी महागड्या बड्सना भारी पडतो. पण नालासोपाऱ्याच्या गर्दीत ती वायर कुणाच्या तरी बॅगेच्या चेनमध्ये अडकणार आणि महिन्याभरात जॅकजवळ तुटणार, मग तो आवाज काय कामाचा. आणि बड्स कानातून निसटून दाराशी पडला तर तो गेलाच, एकटा डावा किंवा उजवा परत विकत मिळणं या किमतीत कठीण. माझं मत विचाराल तर तुम्ही नेकबँड घ्या, म्हणजे गळ्यात घालायचा पट्टा आणि त्याला जोडलेले दोन इअरफोन. दिसायला जुनाट वाटतो म्हणून हल्ली लोक घेत नाहीत पण बॅटरी मोठी असते, कानातून सुटला तरी गळ्यात राहतो, आणि दीड-दोन हजारात काम होतं.

आता एएनसीचं. बाहेरचा आवाज माइकने घ्यायचा आणि त्याच्या बरोब्बर उलटी लाट कानात सोडायची म्हणजे दोन्ही एकमेकांना मारतात, असं ते चालतं. हे एकसुरी खालच्या आवाजावर छान चालतं, म्हणजे गाडीची घरघर, पंखा, एसी, बसचं इंजिन. बाजूला चाललेल्या गप्पा, अनाउन्समेंट, चाकांचा करकर आवाज हे त्याला फारसं जमत नाही आणि स्वस्तातल्या एएनसीला तर नाहीच जमत. ते काम करते कानात बसणारी सिलिकॉनची टिप. डब्यात तीन मापाच्या टिपा येतात आणि बहुतेक लोक लावलेली असते तीच वर्षभर वापरतात, प्लीज असं करू नका. बेस असलेलं एखादं गाणं लावा आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस वाढला तर टिप नीट बसलेली नाही, मोठी लावून बघा. दोन्ही कानांना वेगळं माप लागणं अगदी नॉर्मल आहे, माझ्या उजव्या कानाला मोठी लागते.

एवढा टिपांचा आग्रह धरतोय त्याला कारण आहे. टिप सैल असली की गाडीचा आवाज आत येतो आणि मग आपण व्हॉल्यूम वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, पण दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलवर आठवड्याला जेमतेम ४ तास. तुम्ही आठवड्याला बारा तास ऐकताय. कान एकदा गेला की कुठल्याच किमतीचा हेडफोन तो परत आणत नाही. आणि रूळ किंवा रस्ता ओलांडताना, प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं असताना दोन्ही कानातून काढून ठेवायचे, यात काही सूट नाही.

प्रश्न : काका, मी मिरजेत शास्त्रीय गाणं शिकते, वय १९. फोनवर तानपुरा ॲप लावून रियाज करते आणि जुनी रेकॉर्डिंग्ज खूप ऐकते. २५०० रुपये साठवलेत. दोन्हीला चालतील असे हेडफोन सांगा ना. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो म्हणतात ते खरं का?

उशिरा येतो हे खरं. साध्या ब्लूटूथला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग एवढा उशीर होतोच, पण तानपुरा एकसारखा चालू असतो, त्यामुळे तुला तिथे काही फरक पडणार नाही. स्वतःचं गाणं रेकॉर्ड करताना तेच कानात ऐकायचं असेल तेव्हा मात्र ब्लूटूथ नको, तिथे तो उशीर गाणंच बिघडवतो.

पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे. रियाज हेडफोन लावून करूच नकोस. दोन्ही कान बंद झाले की आपला आवाज हवेतून कमी आणि हाडातून जास्त ऐकू येतो, घुमल्यासारखा आणि जाडसर लागतो, मग नकळत आवाज दबतो नाहीतर सूर हलतो आणि आपल्याला कळतही नाही. कानात बोटं घालून सा लावून बघ, लगेच लक्षात येईल. स्टुडिओत गाणारे एका कानावरचा हेडफोन मागे सरकवतात ते याचसाठी. तेव्हा २५०० मधले हजार-बाराशे एका छोट्या स्पीकरला दे आणि तो समोर नको, जरा मागे किंवा बाजूला ठेव, तंबोरा जिथे असतो तिथे. तू काळी पाचला गात असशील तर सा साधारण २३३ हर्ट्झचा आणि खर्ज, म्हणजे खालचा सा, ११६ च्या आसपास, फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो खर्ज नीट निघतच नाही. वरच्या स्वरांवरून कान अंदाजाने तो भरून काढतो म्हणून आपल्याला ऐकू आल्यासारखा वाटतो, पण तासभर असं ऐकून कान थकतात. छोटा स्पीकरसुद्धा हे बरंच सुधारतो.

उरले तेराशे-पंधराशे. ते रेकॉर्डिंग ऐकायच्या वायरच्या इअरफोनवर लाव. मूनड्रॉपचा चू २ किंवा केझेडचे साधे मॉडेल बघ, मूनड्रॉप थोडा वर जाईल, केझेड हजाराच्या आतबाहेर बसेल, सेलमध्ये कमीही मिळतात. दोन्ही चिनी कंपन्या आहेत, आणि चू २ ची वायर काढता येते त्यामुळे ती तुटली तर इअरफोन फेकावा लागत नाही. फोनला जॅक नसेल तर एक डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या जागी लावायची जॅकची छोटी वायर लागेल, त्याचे पैसे आधीच बाजूला ठेव.

दुकानात किंवा मैत्रिणीचा हेडफोन ऐकून बघशील तेव्हा ढमढम बेसला भुलू नकोस. पहिल्या दोन मिनिटात तो सगळ्यांना आवडतो. पण तानपुऱ्याचा जीव जवारीत आहे, तार घोडीवर अगदी हलकी घासत जाते आणि त्यातून वरच्या स्वरांचा तो झणकार निघतो, आणि फुगवलेला बेस नेमका त्याच्यावर पांघरूण घालतो. तुझ्याच गावात तंबोरे बनतात, एवढं मोठं भाग्य कुणाचं असतं! एखाद्या सतारमेकरांकडे, म्हणजे तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांकडे जा, ओळख काढून दहा मिनिटं जुळवलेल्या तंबोऱ्याजवळ नुसती बस, आणि मग त्याच आठवणीने हेडफोनवर तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग ऐक. कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा तुला जास्त कळेल.

जुन्या रेकॉर्डिंगबद्दल एक. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचेच म्हणायचे, १९३७ साली गेले, त्यांच्या तबकड्या म्हणजे एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचा राग. त्या काळच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर अगदी वरचे आणि अगदी खालचे आवाज फारसे उतरतच नव्हते, त्यामुळे तिथे महागडा हेडफोन जास्त काही शोधून काढणार नाही. उलट ज्या इअरफोनचा वरचा आवाज टोकदार असतो तो तबकडीची खरखर जास्त टोचवतो. मधला भाग, म्हणजे माणसाचा गळा, जिथे मोकळा आणि जवळचा वाटतो तो तुझा इअरफोन. अँड्रॉइड फोन असेल तर वेव्हलेट नावाचं ॲप आहे, त्यात पुष्कळ हेडफोनची तयार दुरुस्ती मिळते, फुकट आहे, लावून बघ.

प्रश्न : पुण्यात हॉस्टेलवर राहतो. सीनियर त्याचे वापरलेले बायरडायनॅमिक डीटी ७७० स्वस्तात देतोय. फोनला लावून चालतील का?

आधी कानाच्या कपाजवळ किती ओहम लिहिलंय ते बघ, हा आकडा जेवढा मोठा तेवढा हेडफोन फोनला जड. हे मॉडेल मुख्यतः ३२, ८० आणि २५० अशा तीन प्रकारात येतं. ३२ असेल तर डोळे मिटून घे, ८० असेल तर बऱ्यापैकी फोनवर चालून जाईल, आणि २५० असेल तर फोनवर आवाज बारीक आणि बेजान येईल, मग अँपला (आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरला) पैसे घालावे लागतील आणि स्वस्तातला सौदा महाग पडेल. डोंगल घेताना ॲपलचा चांगला आहे, आवाज स्वच्छ, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा व्हॉल्यूम फार कमी येतो, म्हणून विकत घ्यायच्या आधी कुणाचा तरी मागून स्वतःच्या फोनवर लावून बघ. सीनियरकडून घेताना दोन्ही बाजूचा आवाज सारखा आहे का ते एकाच माणसाच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावून तपास, आवाज बरोबर डोक्याच्या मध्ये यायला हवा. वायर जॅकपाशी आणि कपापाशी वाकवून बघ, खरखर आली तर सोल्डरिंगचं काम निघेल. कानावरच्या गाद्या झिजल्या असतील तर घाबरू नकोस, त्या बदलून मिळतात.

प्रश्न : बॉक्सवर ५० एमएम ड्रायव्हर, हाय-रेस, एलडॅक, २० ते २०,००० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. कशाकडे बघायचं?

यातल्या कशाकडेच आधी बघू नका. ‘२० ते २०,०००’ या आकड्याशेजारी किती डेसिबल कमीजास्त हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही, दोनशे रुपयांच्या इअरफोनवरही तो असतो. ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज चांगला असंही नाही. एलडॅक हे ब्लूटूथवरून आवाज पाठवायचं सोनीचं तंत्र, ९९० केबीपीएसपर्यंत जातं, पण तुमच्याकडे आयफोन असेल तर त्यात ते नाहीच, तिथे एएसी या दुसऱ्या तंत्रावरच काम चालतं आणि चांगलं चालतं. बॉक्सवर बघायचं ते वॉरंटी किती आणि सर्व्हिस सेंटर कुठे. आणि बिल घ्या. मी एकदा बिलाशिवाय दोनशे रुपये वाचवले होते, नामांकित कंपनीचा म्हणून घेतलेला इअरफोन नकली निघाला, आठवडाभरात एक बाजू बंद, आणि दुकानदाराने ओळखच दाखवली नाही. ते अजून मनाला लागून आहे.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत, टीव्हीचा आवाज एवढा मोठा लावतात की शेजारी बोलतात. त्यांना ब्लूटूथ हेडफोन घेऊन देऊ का? ते हट्टी आहेत, कानाचं मशीन लावायला तयार नाहीत. (सोलापूर)

ताई, हेडफोन घेऊन द्याच, पण त्याआधी त्यांची एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. वयाने आधी वरचे आवाज जातात, आणि स, श, फ, त, क ही अक्षरं तिथेच असतात, म्हणून त्यांना आवाज येतो पण शब्द कळत नाहीत आणि ते व्हॉल्यूम वाढवतात. तुम्ही ‘बहिरे झालात’ म्हणालात तर ते येणार नाहीत, ‘हेडफोन कुठला घ्यायचा ते ठरवायला कान तपासू’ म्हणा, आणि ते खोटंही नाही.

टीव्हीसाठी ब्लूटूथ मी सुचवणार नाही. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात, आणि ज्यांना ओठ बघून निम्मं कळत असतं त्यांची त्यात फार ओढाताण होते. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला हेडफोनचा जॅक आहे का बघा, असेल तर पाच मीटरची एक्स्टेन्शन वायर आणि सोनीचा एमडीआर-झेडएक्स११० सारखा हलका, कानावर टेकणारा हेडफोन, हजार-बाराशेत सगळं होईल. कानात घुसणारे घेऊ नका, त्या वयात ते बसवायला बोटं साथ देत नाहीत. वायर भिंतीच्या कडेने नेऊन टेपने चिकटवा, पायात यायला नको. जॅक लावला की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो, मग आई काय करणार? साउंडच्या सेटिंगमध्ये काही टीव्हीला हेडफोन आणि स्पीकर दोन्ही एकत्र चालू ठेवायची सोय असते, ती शोधा. बातम्या बघताना सबटायटल मिळत असतील तर तेही लावा. पहिल्या दिवशी व्हॉल्यूम तुम्ही स्वतः कानाला लावून ठरवा आणि मग हेडफोन त्यांच्या हातात द्या, कारण टीव्हीवर जो आकडा ते रोज लावतात तोच हेडफोनवर राहिला तर पहिल्याच झटक्यात दचकतील आणि पुन्हा हात लावणार नाहीत.