ड्युसेनबर्गचा माग काढताय? आधी अर्जात नंबर कोणता भरलाय ते बघा

ओहायोतल्या शेजारच्या आजोबांच्या ड्युसेनबर्ग मॉडेल जे या जुन्या अमेरिकी आलिशान गाडीच्या आधीच्या मालकांची साखळी लावून द्यायचं तुम्ही कबूल केलंत, आणि नोंदणी कचेरीकडून दोनदा 'नोंद आढळत नाही' असं पत्र आलं, हे वाचून पोटात कालवलं. माझे आठ महिने असेच गेलेत. तेव्हा मी इंडियानात होतो. शनिवार-रविवारी जुन्या गाड्यांच्या एका गॅरेजात हाताखाली काम करायचो आणि एका मॉडेल जेच्या कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं होतं.

या गाडीच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर, एक पाटी असते आणि तिच्यावर दोन नंबर असतात. एक चासीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा, 2000 च्या पुढचा. दुसरा इंजिनाचा, 'जे'पासून सुरू होणारा. आजच्या गाड्यांच्या सवयीने मी प्रत्येक अर्जात चासीचाच नंबर भरला. पण त्या काळी कित्येक राज्यांत मालकी इंजिनाच्या नंबरावर नोंदवायचे! तिथल्या नोंदणी कचेरीने तीनदा फी घेतली, तीनदा तेच छापील पत्र पाठवलं, पण 'इंजिनाचा नंबर देऊन बघा' एवढं एक वाक्य कुणी लिहिलं नाही. शेवटी फोनवर तिथल्याच एका वयस्कर बाईंनी सांगितलं आणि पुढच्या दहा दिवसांत कागद हातात आला. दरम्यान, ज्यांच्याकडून पहिल्या मालकाची हकीकत कळायची ते गृहस्थ वारले. पैशांचं सोडा, ती हकीकत गेली ती गेलीच. अजून राग येतो.

तेव्हा अर्जात दोन्ही नंबर लिहा, कुठला कशाचा ते स्पष्ट करून. हॉलिवूडचा नट गॅरी कूपर याची गाडी घ्या: चासी 2594, इंजिन जे-563. दोन्हींचा एकमेकांशी काही ताळमेळ दिसत नाही. शिवाय इंजिनं आणि बॉड्या पुढे बदलल्या जात, म्हणून पाटीवर विसंबू नका, प्रत्यक्ष इंजिनावर आणि चासीवर कोरलेले आकडे बघा. मी वकील नाही आणि राज्यागणिक नियम वेगळे असतात, हे धरून चाला.

दुसरं, 'ही अमुक सालची' या दाव्यावर भांडत बसू नका. माझं ठाम मत आहे की मॉडेल जेच्या बाबतीत साल हा सगळ्यात कच्चा पुरावा. 1926 मध्ये ई. एल. कॉर्ड या उद्योगपतीने ड्युसेनबर्ग कंपनी घेतली आणि तिच्या संस्थापकांपैकी फ्रेड ड्युसेनबर्गला जगातली सर्वोत्तम गाडी बनवायला सांगितलं. डिसेंबर 1928 मध्ये ती न्यूयॉर्कला मांडली: 265 अश्वशक्तीचा दावा, नुसती चासीच 8,500 डॉलरला, वरची बॉडी गिऱ्हाइकाने दुसऱ्या कारागिरांकडून बांधून घ्यायची. बेत 500 गाड्यांचा होता. पण ऑक्टोबर 1929 मध्ये शेअर बाजार कोसळला आणि तयार चासी गिऱ्हाइकाची वाट बघत पडून राहिल्या. कंपनी बुडेपर्यंत, म्हणजे 1937 पर्यंत, जेमतेम 480 च्या आसपास गाड्या झाल्या. चासी एका साली, विक्री दुसऱ्या, बॉडी तिसऱ्याच ठिकाणी. आपल्या इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या एसजेची (मॉडेल जेचीच सुपरचार्जर लावलेली आवृत्ती) बॉडी तर लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली. म्हणून बॉडी बांधणाऱ्याचा माग वेगळा काढा.

थोडं विषयांतर, पण आजोबांना हे ऐकायला आवडेल. लोक या गाडीकडे नटनट्यांची गाडी म्हणून बघतात आणि मला ते सहन होत नाही. फ्रेड आणि ऑगस्ट हे भाऊ लहानपणी जर्मनीतून आयोवात आले. सायकलींच्या शर्यतींतून ते मोटारींच्या शर्यतींत शिरले. 1921 ची फ्रेंच ग्रां प्री जिमी मर्फीने ड्युसेनबर्गवर जिंकली, चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या गाडीवर. पुढे 1924, 1925 आणि 1927 ला इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यतही त्यांचीच. मॉडेल जेचं दुहेरी कॅमशाफ्टचं, बत्तीस व्हॉल्व्हचं इंजिन शर्यतीच्या याच शाळेतलं. आणि हो, इंग्रजीतला 'डूझी' (म्हणजे अफलातून चीज) हा शब्द या गाडीवरून आला असं आजोबांच्या गाडीच्या माहितीत घालू नका. तो कंपनीच्या आधीपासून छापील सापडतो.

जमलं तर इंडियानातल्या ऑबर्न गावच्या जुन्या गाड्यांच्या संग्रहालयात एकदा जाऊन या, आजोबांना सोबत घेऊन. पण त्याआधी याच आठवड्यात त्यांच्याजवळ बसून त्यांना आठवतंय ते सगळं रेकॉर्ड करून ठेवा. आणि कोरलेल्या नंबरांचे फोटो इथे टाका. बॅटरीचा उजेड बाजूने, तिरका पाडून काढा, म्हणजे पुसट आकडेही उठून दिसतात.